डोळ्यांपुढचे तरंगते डाग आणि ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला

डोळ्यांपुढे काळे ठिपके, केसासारख्या रेषा, जाळीचे तुकडे किंवा उडत्या चिलटासारखे काहीतरी सतत हलत असल्याची तक्रार घेऊन नेत्रतज्ज्ञाकडे गेलेल्या माणसाला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: हे निरुपद्रवी आहे, याकडे दुर्लक्ष करावे. हे उत्तर देणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, कारण वैद्यकीय शिक्षणातून पिढ्यान्‌पिढ्या ते तसेच चालत आले आहे आणि पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत ते बरोबरही ठरते. तरीही सरसकट सर्वांना लागू केलेला निकाल म्हणून ते टिकणारे नाही, आणि ज्या आधारांवर ते उभे केले जाते त्यांतील प्रत्येक आधार तपासला असता अर्धवट तरी निघतो किंवा चुकीचा तरी. डोळा जाईल काय, हा वैद्यकाचा प्रश्न असतो; नीट दिसेल काय, हा रुग्णाचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन दुसरा निकालात निघाला असे मानणे हीच या सल्ल्यातील मूळ चूक आहे.

आधी या डागांचे कारण पाहणे आवश्यक आहे. डोळ्यातील भिंग आणि डोळ्याचा मागचा पडदा, म्हणजे प्रकाशाची जाणीव घेणारे दृष्टिपटल, यांच्यामधली पोकळी काचाभ द्रवाने भरलेली असते. दवाखान्याच्या भाषेत त्यालाच व्हिट्रियस म्हणतात. सुमारे चार मिलिलिटर भरणाऱ्या या पारदर्शक पदार्थात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी असते, तरी तो पाण्यासारखा वाहत नाही, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा दाट राहतो. कारण कोलॅजेन या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे आणि त्या तंतूंना एकमेकांपासून दूर ठेवणारे हायल्युरोनिक आम्ल यांनी त्याला बांधून ठेवलेले असते. (हे आम्ल मुळात सापडले तेच १९३४ साली, कार्ल मेयर आणि जॉन पामर यांना, गाईच्या डोळ्यातल्या याच द्रवात.) वय वाढते तशी ही बांधणी सैल होते, द्रवात पातळ पाण्याचे कप्पे तयार होतात आणि मोकळे झालेले तंतू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात. डोळ्यात शिरलेला प्रकाश या पुंजक्यांवर अडला की त्यांची सावली पडद्यावर पडते, आणि रुग्णाला जे दिसते ते ही सावली असते. पुढे, बहुधा पन्नाशी ते सत्तरीच्या दरम्यान, आक्रसलेला काचाभ द्रव पडद्यापासून मागच्या बाजूने सुटतो, आणि दृष्टिचेतेच्या मुळाशी घट्ट चिकटलेला त्याचा भाग सुटताना वर्तुळाकार कडे मागे राहते, ज्याला वाइस कडे असे नाव आहे. ज्यांना जास्त नंबरचा ऋण चष्मा असतो, म्हणजे ज्यांचा डोळा लांबट झालेला असतो, त्यांच्या डोळ्यात ही सर्व प्रक्रिया कित्येक वर्षे आधी घडते. म्हणूनच वार्धक्याचा समजला जाणारा हा त्रास विशी-पंचविशीतल्या विद्यार्थ्यांनाही गाठतो.

‘निरुपद्रवी’ या निकालाचा पहिला दोष असा की, तो रुग्णाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही धोकादायक आहे. काचाभ द्रव पडद्यापासून सुटताना ज्या ठिकाणी तो घट्ट चिकटलेला असेल तेथे पडद्याला ओढ बसते आणि पडदा फाटू शकतो. त्या फटीतून पाणी मागे शिरले की पडदा सुटतो, ज्याला बोलीत पडदा सरकणे म्हणतात, आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर ती दृष्टी परत येत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार, अचानक नवे डाग किंवा प्रकाशाच्या लकेरी दिसू लागल्यामुळे तपासायला आलेल्या रुग्णांपैकी सुमारे १४ टक्के रुग्णांच्या पडद्याला फट आढळते, आणि पहिल्या तपासणीत सर्व ठीक असलेल्यांपैकीही ३.४ टक्के रुग्णांना पुढच्या सहा आठवड्यांत फट पडते. मधुमेहाच्या रुग्णात तर नवे डाग म्हणजे पडद्यावरच्या नाजूक रक्तवाहिनीतून झालेला रक्तस्राव असू शकतो, आणि मधुमेह घरोघरी पोहोचलेल्या देशात ही शक्यता बाजूला ठेवून चालणार नाही. डोळ्याच्या आतल्या भागाला आलेली सूज हे आणखी एक कारण. तात्पर्य, डोळ्यांत थेंब घालून, बाहुली मोठी करून, पडद्याच्या कडेपर्यंतची तपासणी झाल्याखेरीज या डागांना निरुपद्रवी म्हणणे हे निदान नसून अंदाज आहे. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून, किंवा शिबिराच्या गर्दीत विजेरीचा झोत टाकून, हा अंदाज आजही दिला जातो आणि ऐकणारा तो निदान समजून निर्धास्तपणे घरी जातो.

मात्र तपासणी पूर्ण झाली, पडदा शाबूत निघाला, त्यानंतरचे काय, हा या लेखाचा मुख्य विषय आहे. कारण ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला खऱ्या अर्थाने तेथून सुरू होतो.

त्याच्या समर्थनार्थ सांगितले जाते की हे डाग सर्वांनाच दिसतात. हे विधान जवळपास खरे आहे. २०१३ साली स्मार्टफोनद्वारे घेतलेल्या एका पाहणीत ६०३ जणांपैकी ७६ टक्क्यांनी आपल्याला डाग दिसत असल्याचे सांगितले होते. पण त्याच पाहणीत ३३ टक्क्यांनी त्या डागांमुळे पाहण्यात लक्षात येण्याजोगा अडथळा होतो असेही सांगितले होते, आणि या दुसऱ्या आकड्याचा उल्लेख सहसा होत नाही. शिवाय एखादी अवस्था सर्वसामान्य असणे आणि ती सुसह्य असणे यांचा परस्परसंबंध नसतो. चाळिशीनंतर जवळचे न दिसणे सार्वत्रिक आहे म्हणून कोणी चष्मा नाकारत नाही, आणि मोतीबिंदू वयाबरोबर बहुतेकांना होतो म्हणून तो तसाच राहू द्यावा असे कोणी म्हणत नाही. सार्वत्रिकतेचा युक्तिवाद फक्त तरंगत्या डागांपुरताच वापरला जातो, आणि तोही अशा वेळी, जेव्हा सांगण्यासारखा सोपा उपाय हाताशी नसतो.

मेंदूला सवय होते, हा दुसरा युक्तिवाद अधिक गंभीरपणे घेण्याजोगा आहे, कारण त्यात एक खरे निरीक्षण आहे आणि त्याच्या पाठीला एक चुकीची कारणमीमांसा बांधलेली आहे. दृष्टिपटलावर एकाच जागी स्थिर राहिलेल्या प्रतिमेची जाणीव हळूहळू विरून जाते, हे स्विस वैद्य ट्रॉक्सलर यांनी १८०४ साली नोंदवले. याच नियमामुळे दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्यांची सावली प्रत्येक माणसाच्या प्रकाशसंवेदी पेशींवर जन्मभर पडत असूनही कोणाला दिसत नाही. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डोळ्याजवळचा दिवा हलवून ती सावली जागची सरकवली, तेव्हा झाडाच्या फांद्यांसारखे ते जाळे त्यांना स्वतःच्याच डोळ्यात दिसले. म्हणजे सवय होण्यासाठी सावली स्थिर असावी लागते, आणि तरंगत्या डागाची सावली तर कधीच स्थिर नसते. डोळा वळला की डाग त्याच्यामागे ओढला जातो, डोळा थांबला तरी तो काही क्षण पुढे सरकत राहतो, आणि वाचणारा माणूस प्रत्येक ओळीत अनेकदा डोळा हलवत असल्यामुळे सावली प्रत्येक वेळी नव्या पेशींवर जाऊन पडते. हलत्या वस्तूकडे लक्ष वेधले जाणे ही तर दृष्टिसंस्थेची मूलभूत रचना आहे. तिच्याविरुद्ध निर्धाराने लक्ष काढून घ्यावे अशी अपेक्षा करणे म्हणजे रुग्णावर एक अखंड श्रम लादणे होय.

मग अनेकांचा त्रास काही महिन्यांत कमी होतो तो कशामुळे? एक तर गुरुत्वाकर्षणामुळे जड पुंजके नजरेच्या रेषेखाली उतरतात. दुसरे असे की, काचाभ द्रव सुटून पुढे सरकला की पुंजका पडद्यापासून दूर जातो, आणि पडद्यापासून जितके अंतर वाढेल तितकी सावली पसरट व फिकी होते. सवय लागण्याचा, म्हणजे त्या सावलीला महत्त्व न देण्याचा भागही आहेच, पण तो तिसरा. साठीतल्या ज्या रुग्णाचा काचाभ द्रव नुकताच सुटला आहे त्याला सहा महिने थांबायला सांगणे म्हणूनच शास्त्रशुद्ध आहे. पण पंचविशीतल्या, जास्त ऋण नंबरच्या रुग्णाच्या डोळ्यात काचाभ द्रव अद्याप जागेवरच असतो आणि तंतूंचे बारीक पुंजके पडद्याच्या अगदी निकट असतात. तेथे ना पुंजका दूर जाण्याची खात्री, ना खाली बसण्याची. या दोघांनाही एकाच शब्दांत ‘सवय होईल’ असे सांगितले जाते, आणि दुसऱ्याला वर्षानुवर्षे सवय झाली नाही की दोष त्याच्या मनोबलाला दिला जातो.

नजर तर ६/६ आहे, मग तक्रार कसली, हा तिसरा युक्तिवाद. येथे नजर म्हणजे काय मोजले गेले हे पाहणे भाग आहे. भिंतीवरच्या तक्त्यावरील अक्षरे वाचून घेण्याची पद्धत डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली रूढ केली आणि ती आजतागायत सर्वमान्य आहे. या तक्त्यावर शुभ्र पार्श्वभूमीवर ठळक काळी अक्षरे असतात, रुग्ण स्थिर बसलेला असतो, एखादा डाग अक्षरापुढे आला तर तो डोळा किंचित हलवून अक्षर वाचून टाकतो, आणि कागदावर ६/६ अशी नोंद होते. दैनंदिन जगणे मात्र ठळक काळ्या अक्षरांचे नसते. तांदळातले पांढरे खडे निवडणे, एकाच रंगाच्या दगडी पायऱ्या तिन्हीसांजेला उतरणे, पावसाळ्यात घाटातल्या धुक्यातून गाडी चालवणे, विद्यार्थ्याने फिक्या पेन्सिलीने लिहिलेली वही तपासणे, या सर्व ठिकाणी गरज लागते ती रंगछटांतला बारीक फरक ओळखण्याच्या क्षमतेची. तिला भेदसंवेदनशीलता म्हणता येईल. ती मोजण्याचे साधनही उपलब्ध आहे: १९८८ पासून वापरात असलेल्या पेली-रॉबसन तक्त्यावर सर्व अक्षरे एकाच आकाराची असतात, पण ती वरून खाली अधिकाधिक फिकी होत जातात. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ जे. सेबाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, डागांचा तीव्र त्रास असलेल्या डोळ्यांत ही क्षमता निरोगी डोळ्यांच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी घटलेली आढळली, आणि काचाभ द्रव काढल्यानंतर ती पूर्ववत झाली. पुंजक्यांची दाटीही सोनोग्राफीने मोजता येते. याचा अर्थ असा की, ज्या तक्रारीला केवळ ‘वाटते’ म्हणून बाजूला सारले जाते ती मोजता येणारी दृष्टिहानी असू शकते. फक्त ती जेथे मोजली जाते तेथे ती नसते.

भारतात या मोजमापाचा आग्रह इतका घट्ट का बसला, याला इतिहास आहे, आणि तो सन्मानाने सांगण्याजोगा आहे. १९७६ साली सुरू झालेला राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम हा देशातल्या नेत्रसेवेचा कणा ठरला. मोतीबिंदूने आंधळी झालेली लाखो माणसे शिबिरांतून, धर्मादाय रुग्णालयांतून पुन्हा पाहू लागली. ज्या व्यवस्थेपुढे अंधत्वाचा डोंगर उभा होता तिने डोळस माणसाच्या तक्रारीला दुय्यम स्थान दिले, यात नवल नाही. परंतु प्राधान्यक्रम ठरवणे वेगळे आणि तक्रार अस्तित्वातच नाही असे ठरवणे वेगळे. साधने अपुरी आहेत म्हणून थांबावे लागेल, असे रुग्णाला सांगितले तर तो समजून घेतो. त्याला काहीच झालेले नाही असे सांगणे ही मात्र त्याची फसगत आहे.

याच्याच पुढची पायरी म्हणजे तक्रार मनाची आहे असे सुचवणे. तीव्र त्रास असलेल्या रुग्णांत चिंता आणि नैराश्य अधिक आढळते, हे खरे. पण कारण कोणते आणि परिणाम कोणता हे त्यावरून ठरत नाही. जागेपणीचा प्रत्येक क्षण ज्याच्या नजरेसमोरून सावल्या सरकत असतात तो खचला, तर त्यात अस्वाभाविक काही नाही. २०११ साली सिंगापूरमधील ३११ रुग्णांच्या अभ्यासात, या डागांपासून सुटका व्हावी म्हणून कोण किती किंमत मोजायला तयार आहे हे विचारण्यात आले होते. उरलेल्या आयुष्याच्या दर दहा वर्षांमागे सरासरी १.१ वर्षे सोडून देण्याची, आणि अंधत्वाचा सरासरी ७ टक्के धोका पत्करण्याची तयारी त्यांनी दाखवली. अशा प्रश्नांची उत्तरे अक्षरशः घ्यायची नसतात, तरी ‘किरकोळ’ त्रासासाठी माणूस अशी उत्तरे देत नाही. शिवाय ही तक्रार मोबाइलच्या पडद्याने नाजूक झालेल्या पिढीची आहे, असे म्हणायलाही जागा नाही: सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तिमिर या नेत्ररोगाचे वर्णन करताना रुग्णाला माशा, डास, केस आणि जाळी दिसतात असे नोंदवले आहे. तिमिर म्हणजे आजचे हे तरंगते डागच, असे समीकरण मांडणे धाडसाचे होईल, कारण तेथे अनेक विकार एकत्र आलेले आहेत. पण त्या काळच्या वैद्याने रुग्णाचे हे सांगणे खरे मानून लक्षणांत जमा केले होते, एवढे निश्चित. मानसोपचाराचा उपयोग नाही असा याचा अर्थ नव्हे. लक्ष वळवण्याची आणि भीती कमी करण्याची शिस्तबद्ध तंत्रे काहींना फार मोठा आधार देतात. मात्र ती दृष्टीच्या तपासणीला पूरक म्हणून सुचवली गेली पाहिजेत, तिच्या ऐवजी नव्हे.

शेवटचा आणि सर्वांत वजनदार आधार असा की, उपाय रोगापेक्षा जास्त धोक्याचा आहे. येथे प्रतिवाद करणाऱ्यानेही पुरेपूर प्रामाणिक राहिले पाहिजे, कारण धोका खराच आहे. खात्रीचा उपाय एकच, व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे काचाभ द्रव कापून बाहेर शोषून घेण्याची आणि त्या जागी क्षारयुक्त द्रावण भरण्याची शस्त्रक्रिया. रॉबर्ट मॅखेमर यांनी १९७० च्या सुमारास अमेरिकेत ती रूढ केली तेव्हा तिला मोठा छेद लागत असे. आज अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची उपकरणे वापरली जातात आणि बहुधा टाकाही घालावा लागत नाही. तरीही उपकरण बारीक झाले म्हणून डोळ्याची रचना बदललेली नाही. काचाभ द्रव मागच्या भागातला प्राणवायू भिंगापर्यंत पोहोचू देत नाही, आणि तो काढला की भिंगाला जास्त प्राणवायू लागून ते गढुळते. पन्नाशीपुढच्या रुग्णांपैकी बहुसंख्यांना त्यामुळे दोनेक वर्षांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागते. नेदरलँड्समधील ११६ डोळ्यांच्या अभ्यासात १६.४ टक्के डोळ्यांच्या पडद्याला शस्त्रक्रियेदरम्यान फट पडल्याचे दिसले, आणि काहींचा पडदा पुढे सुटलाही. जंतुसंसर्ग दुर्मीळ आहे, पण झाला तर डोळा गमवावा लागू शकतो.

परंतु हे आकडे सर्वांना एकच म्हणून सांगणे चूक आहे, आणि नेमके तेच केले जाते. ज्या रुग्णाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आधीच होऊन कृत्रिम भिंग बसलेले आहे, त्याला भिंग गढुळण्याचा प्रश्नच उरत नाही. ज्याचा काचाभ द्रव आपोआप सुटलेला आहे, त्याचा तो ओढून सोडवावा लागत नाही, आणि फटी बहुतांशी या ओढण्यात पडतात. म्हणजे पासष्टीच्या, कृत्रिम भिंग असलेल्या, मोठे वाइस कडे नजरेच्या मध्यावर आलेल्या रुग्णाचा धोका आणि पंचविशीतल्या ऋण नंबरच्या तरुणाचा धोका यांत मोठे अंतर आहे. पहिल्याला शस्त्रक्रियेचा पर्याय मोकळेपणाने समजावून न सांगणे अन्यायाचे आहे. दुसऱ्याला तो बहुधा नाकारावा लागेल, पण कारण सांगून: तुझा त्रास खरा आहे, मात्र तुझ्या डोळ्यात आज ही शस्त्रक्रिया करण्यातला तोटा फायद्याहून मोठा होण्याची भीती आहे. भिंगामागचा थोडा काचाभ द्रव मुद्दाम राखून आणि तो पडद्यापासून न ओढता केली जाणारी मर्यादित शस्त्रक्रिया हा सेबाग यांच्यासारख्यांनी पुरस्कारलेला मधला मार्ग आहे. त्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

‘दुर्लक्ष करा’ या सल्ल्याचा प्रतिवाद करताना दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्यांना मोकळे सोडता येणार नाही, कारण दवाखान्यात दार बंद झाले की रुग्ण त्यांच्याच हाती लागतो. वाय.ए.जी. लेझरने हे पुंजके फोडण्याचा उपचार कापाकापीशिवायचा म्हणून आकर्षक वाटतो, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर भिंगामागे येणारी साय काढण्यासाठी हे यंत्र गावोगावच्या रुग्णालयांत असतेच. या उपचाराची खोट्या लेझरशी तुलना करणारी, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली एक चाचणी शाह आणि हायर यांनी २०१७ साली प्रसिद्ध केली: ५२ रुग्ण, सहा महिने, आणि डागांच्या त्रासात लेझरच्या गटात सरासरी ५४ टक्के तर खोट्या लेझरच्या गटात ९ टक्के सुधारणा. निष्कर्ष आशादायक असला तरी त्या रुग्णांत वाइस कड्याचाच त्रास होता आणि ते कडे भिंग व पडदा या दोहोंपासून सुरक्षित अंतरावर होते. त्याच वर्षी वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रन संस्थेने लेझर आणि शस्त्रक्रिया यांची थेट तुलना करणारी विश्वासार्ह चाचणी शोधली, तेव्हा तिला एकही मिळाली नाही. अमेरिकेतील पडदातज्ज्ञांच्या संघटनेने लेझरनंतरच्या ज्या गुंतागुंती नोंदवल्या त्यांत डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होणे, भिंगाला इजा होऊन मोतीबिंदू होणे आणि पडद्याला फट पडणे यांचा समावेश आहे. पडद्याजवळच्या बारीक तंतूंवर, म्हणजे तरुण रुग्णाच्या डागांवर, हा लेझर चालवणे उचित नाही, आणि जाहिरातीत ही मर्यादा सांगितली जात नसेल तर ती जाहिरात खोटी आहे.

अननसाची गोष्ट याहून वाईट. २०१९ साली तैवानमधील एका लेखात, रोज अननसाच्या फोडी खाल्ल्याने तीन महिन्यांत बहुतेकांचे डाग गेल्याचा दावा करण्यात आला आणि तो जगभर पसरला. अननसातील ब्रोमेलेन हे प्रथिने पचवणारे विकर आहे हे खरे. पण पोटात पचून, रक्तात उतरून, डोळ्याची राखण करणारा अडसर ओलांडून ते नेमके पुंजक्यातले कोलॅजेन विरघळवते आणि पडद्याला मात्र धक्का लावत नाही, हे कशानेही सिद्ध झालेले नाही. अननस न खाणाऱ्यांचा तुलनेसाठी योग्य गटही त्या अभ्यासात नव्हता, आणि हे डाग काळाबरोबर अनेकांत आपोआप फिके पडतात, त्यामुळे असा गट नसलेल्या अभ्यासात कोणताही पदार्थ औषध ठरू शकतो. मधुमेही रुग्णाने या भरवशावर रोज अननसाच्या फोडी खाव्यात, हा सल्ला तर थेट अपायकारक आहे. मधाचे वा वनस्पतींच्या रसाचे थेंब, डोळे गरगर फिरवण्याचे व्यायाम, दिव्याच्या ज्योतीकडे टक लावणे, यांपैकी कशानेही काचाभ द्रवातील तंतू विरघळत नाहीत. निर्जंतुक नसलेले थेंब मात्र बुबुळाला जखम करू शकतात. क जीवनसत्त्व, जस्त आणि काही वनस्पतिजन्य द्रव्ये एकत्र केलेल्या एका पूरक औषधाची ६१ रुग्णांवर आयर्लंडमध्ये झालेली चाचणी यापेक्षा शास्त्रीय होती आणि तिच्यात काही सुधारणा दिसलीही, पण एवढ्या लहान चाचणीवर कोणालाही हमी देता येत नाही.

ज्यांना उपचार नको आहेत किंवा जमण्यासारखे नाहीत, त्यांच्यासाठीही सांगण्यासारखे बरेच असते, आणि ते दोन मिनिटांत सांगता येते. प्रखर उजेडात बाहुली लहान होते आणि त्यामुळे पडद्यावरची सावली अधिक रेखीव उमटते. म्हणून मोकळे आकाश, पांढरी भिंत आणि संगणकाचा शुभ्र पडदा यांसमोर त्रास वाढतो. संगणकाने डाग निर्माण होत नाहीत, फक्त उघडे पडतात, एवढे समजले तरी अनेकांची आपण डोळे बिघडवून घेतल्याची अपराधी भावना जाते. संगणकाच्या पडद्याचा उजेड कमी करणे, गडद पार्श्वभूमीवर फिकी अक्षरे ठेवणे, उन्हात गडद गॉगल वापरणे, टेबल खिडकीकडे तोंड न करता लावणे, हे उपाय साधे आहेत आणि त्यांत धोका नाही. त्याबरोबर धोक्याची चिन्हेही रुग्णाला पाठ असली पाहिजेत: काजळी उडाल्यासारखा ठिपक्यांचा अचानक वर्षाव, अंधारातही चमकणाऱ्या लकेरी, किंवा नजरेच्या एका बाजूने सरकत येणारी सावली, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरकडे जावे. फट वेळेवर सापडली तर तिच्याभोवती लेझरचे टाके देऊन पडदा वाचवता येतो.

तेव्हा या विषयावरचा निकाल असा. बाहुली मोठी करून कडेपर्यंत पडदा तपासल्याची, भेदसंवेदनशीलता मोजल्याची, डाग कोठे आहेत आणि काचाभ द्रव सुटला आहे की नाही याची नोंद ज्या केसपेपरवर नाही, त्यावर ‘निरुपद्रवी’ असा शेरा लिहिण्याचा अधिकार कोणत्याही नेत्रतज्ज्ञाला नाही. आणि अशी नोंद मागण्याचा अधिकार प्रत्येक रुग्णाला आहे.